धावपट्टीचा उंबरठा दाखवणारे एलईडी फ्लॅशर: निवडीपासून देखभालीपर्यंत

२४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं एक डीसी-८ विमान मुंबईत सांताक्रूझला उतरणार होतं. ते उतरलं जुहूच्या आखूड धावपट्टीवर, आणि पट्टी संपली तरी थांबलं नाही. कुणाचा जीव गेला नाही, पण ते विमान पुन्हा कधी उडालं नाही. त्याआधी जुलै १९५३ मध्ये बीओएसीचं कॉमेट विमानही असंच चुकून जुहूला उतरलं होतं. दोन्ही विमानतळ शेजारी शेजारी आणि मुख्य पट्ट्यांची दिशा जवळपास एकच. वैमानिक कसलेले असले तरी डोळा फसतो, कारण चार-पाच किलोमीटरवरून धावपट्टी म्हणजे शहराच्या पसाऱ्यातली एक करडी रेघ असते. त्या रेघेचं तोंड नेमकं कुठे, हे डोळ्यांना लगेच सापडावं म्हणून उंबरठ्याच्या, म्हणजे विमान उतरण्यासाठीची पट्टी जिथून सुरू होते त्या रेषेच्या, दोन्ही अंगांना दोन पांढरे दिवे उघडझाप करत ठेवतात. ‘रनवे थ्रेशोल्ड आयडेंटिफिकेशन लाइट्स’ या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आम्ही त्यांना आरटीआयएल म्हणतो, अमेरिकेत रील म्हणतात, आणि साइटवरची माणसं नुसतं फ्लॅशर म्हणतात.

मी विमानतळांच्या दिव्यांचं काम करतो. लहान विमानतळांवर नव्याने या कामाला लागलेल्या कनिष्ठ अभियंत्यांसाठी आणि तंत्रज्ञांसाठी हे लिहीत आहे. पॅनलवर हिरवा दिवा लागला म्हणजे काम झालं, असं या कामात धरू नका. प्रत्येक निर्णय घेताना स्वतःला पाच किलोमीटर मागे, कॉकपिटमध्ये बसवा. तिथून दोन दिवे मिळून एक दार दिसलं पाहिजे.

आधी ठरवा: इथे फ्लॅशर हवेत का?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं, म्हणजे इकाओचं, चौदावं परिशिष्ट याबाबत स्पष्ट आहे. पहिली जागा म्हणजे नॉन-प्रिसिजन अप्रोचची धावपट्टी (उपकरणं दिशा सांगतात, उतरण्याचा उतार नाही), जिथे उंबरठा अधिक ठळक दिसण्याची गरज आहे किंवा अप्रोच लाइटची, म्हणजे पट्टीच्या आधी विमानाच्या वाटेखाली लावायच्या दिव्यांची, रांग उभी करणं शक्यच नाही. पट्टीच्या तोंडाशी दरी, नाला किंवा दुसऱ्याची जमीन असली की रांग उभी राहत नाही. दुसरी जागा म्हणजे सरकवलेला, पट्टीच्या टोकापासून आत नेलेला उंबरठा, मग तो कायमचा सरकवलेला असो वा कामापुरता. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नियमावली, सेक्शन ४, सिरीज बी, पार्ट १, याच परिशिष्टाच्या अंगाने चालते. फाइल तयार करताना ती आणि इकाओच्या एरोड्रोम डिझाइन मॅन्युअलचे भाग ४, ५ आणि ६ टेबलावर असू द्या. चौथा भाग दृश्य साधनांचा, पाचवा विजेचा आणि सहावा धक्क्याने तुटणाऱ्या वस्तूंचा.

पूर्ण अप्रोच लाइटची रांग असलेल्या प्रिसिजन पट्टीवर यांची गरज नसते. पापी (PAPI, उतरण्याचा उतार दाखवणारे दिवे) आहे म्हणून फ्लॅशर नकोत, हे म्हणणंही बरोबर नाही. पापी वैमानिकाला तो उंच आहे की खाली ते सांगते. दार कुठे आहे ते फ्लॅशर सांगतात.

फिटिंग निवडताना कँडेलाचा आकडा कसा वाचायचा

जुन्या झेनॉन फ्लॅशरमध्ये कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज ट्यूबमध्ये एका झटक्यात सोडली जाते. आत दोन हजार व्होल्टच्या आसपासचा दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला राहू शकतो. झाकण उघडण्याआधी थांबायचं, डिस्चार्ज करायचं, मीटर लावून खात्री करायची, हा नियम मोडून चालत नाही. एलईडीमुळे हा धोका जवळजवळ संपला. ट्यूब वारंवार बदलायची कटकट गेली, वीजही कमी लागते.

पण खरेदी करताना एक चूक मी अनेकदा पाहिली आहे. कॅटलॉगमध्ये मोठ्या अक्षरात कँडेलाचा, म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेचा, आकडा असतो आणि तो शिखराचा, म्हणजे झोत सर्वांत प्रखर असतानाच्या क्षणाचा असतो. वैमानिकाचा डोळा तो क्षण पकडत नाही. क्षणभर लागलेल्या दिव्याची डोळ्याला जाणवणारी तीव्रता वेगळी काढावी लागते. तिला परिणामी तीव्रता म्हणतात आणि ती ब्लाँडेल-रे सूत्राने मोजतात. चौकोनी स्पंद धरला, म्हणजे दिवा एकदम पूर्ण लागतो आणि एकदम विझतो असं मानलं, तर हिशेब सोपा आहे: शिखराच्या तीव्रतेला स्पंदाच्या कालावधीने गुणा आणि ०.२ सेकंद अधिक तो कालावधी यांच्या बेरजेने भागा.

उदाहरण घेऊ. स्पंद ५० मिलिसेकंदांचा असेल, तर ०.०५ भागिले ०.२५, म्हणजे परिणामी तीव्रता शिखराच्या फक्त एक पंचमांश. स्पंद १०० मिलिसेकंदांचा केला तर एक तृतीयांश, २०० केला तर निम्मी. झेनॉनचा झटका फारच अल्पकाळाचा, म्हणून त्याला प्रचंड शिखर गाठावं लागायचं. एलईडीला आपण हवा तेवढा वेळ लावून ठेवू शकतो, म्हणून कमी शिखरावरही तेवढाच परिणाम मिळतो. तेव्हा दोन कंपन्यांची तुलना करताना दोघांकडून परिणामी तीव्रता लेखी मागा, सोबत स्पंदाचा कालावधीही मागा. एका ठिकाणी निविदेत हा एक शब्द राहून गेला होता. आलेली फिटिंग कागदावर तगडी होती, मात्र संध्याकाळी पाच किलोमीटरवरच्या रस्त्यावरून पाहिल्यावर ती गावातल्या दिव्यांत हरवून गेली. परत पाठवायला आमच्या हातात कागद नव्हता.

निविदेत आणखी काय लिहायचं? उघडझाप मिनिटाला ६० ते १२० च्या दरम्यान, रंग पांढरा, झोत फक्त अप्रोचच्या दिशेने. तीव्रतेच्या तीन पायऱ्या असाव्यात, कारण भर उन्हात जी प्रखरता लागते ती रात्री डोळे दिपवते. दोन्ही दिवे एकाच क्षणी लागले पाहिजेत. एक आधी आणि दुसरा मागून लागला तर नजर डावी-उजवी भटकते, दोन खांब मिळून दार दिसत नाही.

लष्कराशी जागा वाटून घेणाऱ्या विमानतळांसाठी एक मुद्दा वेगळा. लोहगाव हवाई दलाचं, दाबोळी नौदलाचं. तिथे रात्री नाइट व्हिजन गॉगल लावून उडणारे वैमानिक असू शकतात. तो गॉगल इन्फ्रारेडच्या जवळचा प्रकाश पाहतो आणि पांढऱ्या एलईडीत तो भाग जवळजवळ नसतो. झेनॉन गॉगलमध्ये झळकायचा, एलईडी दिसणारही नाही. इन्फ्रारेडचे वेगळे एलईडी बसवलेली फिटिंग मिळते. मागणी करण्याआधी वापरणाऱ्यांना विचारा.

जागा आखणं

दोन्ही दिवे उंबरठ्याच्या रेषेत, मध्यरेषेपासून समान अंतरावर आणि एज लाइटच्या, म्हणजे पट्टीच्या कडेच्या दिव्यांच्या, ओळीपासून बाहेर सुमारे १० मीटर. समजा पट्टी ४५ मीटर रुंद आहे आणि एज लाइट कडेपासून दीड मीटर बाहेर आहेत. मग मध्यरेषेपासून २२.५ अधिक १.५ अधिक १०, म्हणजे ३४ मीटर. पट्टी ३० मीटरची असेल तर २६.५ मीटर. टेप कडेपासून लावू नका. कडेचं डांबर कुठे तुटलेलं असतं, कुठे नंतर वाढवलेलं. मध्यरेषेवर टोटल स्टेशन लावून दोन्ही बाजूंना मोजा आणि खुंट्या ठोकल्यावर दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या.

या कामासाठी धावपट्टीच्या पट्ट्यात, म्हणजे तिच्या भोवतालच्या राखीव मोकळ्या जागेत, शिरायचं, म्हणजे आधी नोटॅम (वैमानिकांसाठीची सूचना), मग एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची, परवानगी. वॉकीटॉकी चालू, गाडीवर झेंडा किंवा दिवा, आणि बाहेर पडताना प्रत्येक स्क्रू मोजून. एक नट धावपट्टीवर राहिला तर तो इंजिनात जाऊ शकतो.

पाया, माती आणि केबल

दिवा धावपट्टीच्या पट्ट्यात उभा असतो, म्हणजे घसरलेलं विमान त्याच्यावर येऊ शकतं. म्हणून तो हलका हवा आणि धक्का लागताच तुटणाऱ्या कपलिंगवर उभा हवा. काँक्रीटचा पाया जमिनीच्या पातळीवर संपला पाहिजे, वर आलेला कठडा चालणार नाही. पायाची उभी बाजू उताराने खाली न्यावी, जमिनीखाली किमान ३० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे मऊ मातीत रुतलेलं चाक तिथे अडकून मोडत नाही. कपलिंग तुटलं की केबलही सुटली पाहिजे, म्हणून जोड कपलिंगच्या पातळीवरच प्लग-सॉकेटने द्या. केबल अखंड वर नेली तर तुटलेला दिवा केबलला लोंबकळत राहतो.

आता मातीकडे या, कारण महाराष्ट्रात खरी गंमत तिथेच आहे. मराठवाड्यात आणि सोलापूरच्या बाजूला काळी कापसाची जमीन. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उथळ पाया या जमिनीवर दरवर्षी थोडा तिरका होतो. डोळ्याला काही दिसत नाही, पण दोन अंश कलला की झोत दुसरीकडेच जातो. काळी माती काढून मुरूम भरा, पाया त्या भेगांच्या खोलीखाली न्या आणि भोवतालचं पाणी वाहून जाईल असा उतार द्या.

कोकणात उलट. चिपीचा आणि गोव्यातल्या मोपाचा विमानतळ जांभ्याच्या सड्यावर आहे. पाया हलत नाही, पण अर्थिंग लागत नाही. कातळात इलेक्ट्रोड ठोकून रोध उतरत नाही, तेव्हा एकाच खड्ड्यात मीठ-कोळसा ओतत बसण्यापेक्षा अनेक इलेक्ट्रोड दूरदूर घेऊन उघड्या तांब्याच्या पट्टीने जोडा. मेच्या शेवटच्या वळवाच्या विजा या पठारांवर फार पडतात. सर्ज प्रोटेक्शन पॅनलमध्ये तर हवंच, प्रत्येक दिव्याच्या तळाशीही हवं. एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं सर्किट, इलेक्ट्रॉनिक आहे, झेनॉनच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरसारखा तो मार सहन करत नाही.

केबल ७५ सेंटिमीटर खोल, खाली-वर वाळू, त्यावर विटा आणि वर इशाऱ्याची पट्टी. जाडी ठरवताना व्होल्टेज ड्रॉपचा हिशेब करा. सबस्टेशनपासून उंबरठा दीड किलोमीटरवर असेल आणि केबल ४ चौरस मिलिमीटर तांब्याची असेल, तर जाऊन-येऊन तीन किलोमीटर, रोध सुमारे १४ ओहम. एक अँपियर वाहिला की १४ व्होल्ट गेले, २३० मधले सहा टक्के. फिटिंग प्रत्येक स्पंदाला तीन-चार अँपियर ओढणारी असेल तर पन्नासेक व्होल्ट त्या क्षणी गायब, आणि दिवा नेमका लागण्याच्या वेळीच मंद होतो. म्हणून सरासरी वॅट पाहू नका, स्पंदाच्या क्षणाचा प्रवाह विचारा.

कोन लावणं

सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाचा हा भाग वाटतो आणि घाईत सर्वांत आधी इथेच हात आखडला जातो.

दिवा सरळ अप्रोचच्या दिशेने तोंड करून ठेवत नाहीत. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची, म्हणजे एफएएची, पद्धत अशी की धावपट्टीला समांतर रेषेपासून झोत १५ अंश बाहेर वळवायचा आणि १० अंश वर उचलायचा. त्यामुळे त्रास होत असेल तर आडोशाच्या झडपा लावून १० अंश बाहेर आणि ३ अंश वर. बाहेर का वळवायचा? आकडे मांडून पाहा. दिवा मध्यरेषेपासून ३४ मीटरवर आहे. विमान पाच किलोमीटरवर असताना दिव्यापासून पाहिलं तर ते आतल्या बाजूला जेमतेम अर्धा अंश आहे. दिवा १५ अंश बाहेर पाहतोय, म्हणजे विमान झोताच्या आसापासून साडेपंधरा अंशांवर. विमान ३०० मीटरवर आलं की ते आतल्या बाजूला साडेसहा अंश होतं, आसापासून साडेएकवीस. १०० मीटरवर जवळजवळ चौतीस. म्हणजे वैमानिक दूर असताना त्याला झोतातला प्रखर भाग मिळतो आणि तो जसा जवळ येतो तसा आपोआप झोताबाहेर सरकतो. चाकं टेकवायच्या वेळी त्याचे डोळे दिपत नाहीत. ही साधी भूमिती आहे, पण तिच्यामागे ज्यांनी विचार केला त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

हे आकडे झेनॉनच्या रुंद झोताच्या काळात ठरले. एलईडीची भिंगं झोत नेटका कापतात, त्यामुळे तुमच्या फिटिंगचा उत्पादकाचा फोटोमेट्रिक आलेख समोर ठेवा आणि त्यावर विमानाची वाट आखा. तीन अंशांच्या उतारावर, उंबरठ्यावरून १५ मीटर उंचीने जाणारं विमान पाच किलोमीटरवर सुमारे २७७ मीटर उंच असतं, दिव्यापासून साधारण ३.२ अंश वर. ३०० मीटरवर ते ३१ मीटर उंच, म्हणजे जवळपास ६ अंश वर. या दोन बिंदूंमधली संपूर्ण वाट आलेखातल्या उपयुक्त झोतात पडते का ते पाहा. पडत नसेल तर उत्पादकाने सांगितलेला कोन धरा आणि तो फाइलमध्ये लिहून ठेवा.

प्रत्यक्ष लावताना डिजिटल अँगल गेज वापरा, मोबाइलमधलं अ‍ॅप नको. आडवा कोन लावायला दिव्यापासून १० मीटर पुढे, पट्टीला समांतर रेषेवर एक खुंटी ठोका. तिच्यापासून काटकोनात बाहेर २.६८ मीटरवर दुसरी ठोका, दिव्याचं तोंड तिच्याकडे करा. १५ अंश झाले. बोल्ट आवळताना फिटिंग अर्धा अंश तरी सरकतेच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. मग कपलिंगपासून फिटिंगपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढा. आमच्याकडचे एक जुने तंत्रज्ञ, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी मला ही रेघ शिकवली. गवत कापणाऱ्या यंत्राचा धक्का लागून दिवा फिरला तर रेघ तुटलेली दिसते, गाडीतून न उतरताही कळतं.

जवळून रस्ता किंवा वस्ती असेल तर झडपा लावा. महामार्गावरच्या ट्रकचालकाच्या डोळ्यात पांढरी उघडझाप जाणं हाही धोकाच आहे.

नियंत्रण

फ्लॅशरची प्रखरता एज लाइटच्या सोबत बदलली पाहिजे. एज लाइट सिरीज सर्किटवर असतात, सीसीआर (प्रवाह ठरलेला ठेवणारं यंत्र) त्यांना २.८ ते ६.६ अँपियरच्या पाच पायऱ्यांत प्रवाह देतो. बहुतेक एलईडी फ्लॅशरना हा प्रवाह ओळखणारं सेन्सर लावता येतं, मग टॉवरने, म्हणजे नियंत्रण मनोऱ्याने, एज लाइट मंद केले की फ्लॅशरही खालच्या पायरीवर येतात. दिवसा एज लाइट बंद असले तरी फ्लॅशर पूर्ण तीव्रतेवर लावता यावेत, म्हणून टॉवरमध्ये वेगळा स्विच हवा. सरकवलेल्या उंबरठ्याची खरी गरज अनेकदा दिवसाच असते.

एक दिवा बंद पडला तर दुसऱ्याचं काय? माझं मत पक्कं आहे: दुसराही बंद व्हावा आणि टॉवरमध्ये अलार्म वाजावा. एकटा पांढरा फ्लॅशर हा कसलाही दिवा असू शकतो, मोबाइलच्या टॉवरवरचा, लग्नाच्या मांडवातला, कारखान्याच्या गेटवरचा. डिझेल जनरेटरवर वीज आल्यावर दोन्ही दिवे पुन्हा एकाच तालात सुरू होतात का, हेही मुद्दाम वीज तोडून पाहा.

कामापुरता सरकवलेला उंबरठा

री-कार्पेटिंगच्या, म्हणजे पट्टीवर नवा थर टाकण्याच्या, वेळी उंबरठा तीन-चारशे मीटर पुढे न्यावा लागतो. तेव्हा बॅटरीवरचे किंवा सोलरचे फिरते एलईडी फ्लॅशर कामाला येतात. ते वाळूच्या पिशव्यांनी दाबून ठेवा, विमानाच्या झोताने उलथतात. नव्या जागी दिवे लावण्यापेक्षा जुन्या जागचे बंद करणं जास्त महत्त्वाचं: जुने हिरवे थ्रेशोल्ड दिवे आणि जुने फ्लॅशर यांची वीज तोडा, वर झाकणही घाला. दोन दारं दिसली तर वैमानिक कोणत्यात शिरणार? नोटॅममध्ये नवी उपलब्ध लँडिंग लांबी गेली आहे ना, हे स्वतः वाचा. सोलर युनिट जुलैत भरवशाचं नाही. आठवडाभर ऊन पडत नाही, म्हणून चार्ज केलेल्या जादा बॅटऱ्या तयार ठेवा.

चालू करण्याआधीची तपासणी

केबलचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने पाहा, पण एलईडीचं कार्ड आधी सोडवा, नाहीतर तपासणीतच कार्ड जाईल. स्टॉपवॉच लावून अर्ध्या मिनिटात किती वेळा उघडझाप होते ते मोजा. ३० ते ६० च्या दरम्यान हवी. तिन्ही पायऱ्या टॉवरमधून लावून पाहा. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दोन्ही दिवे एकाच चौकटीत घ्या, एकत्र लागतात की नाही ते स्पष्ट दिसतं.

मग संध्याकाळी गाडी काढा आणि अप्रोचच्या रेषेखालच्या एखाद्या उंच जागेवर जा. गावाबाहेरच्या टेकडीवरून, पुलावरून, जिथून पट्टीचं तोंड दिसेल तिथून पाच मिनिटं नुसतं पाहत राहा. नजर दुसरीकडे वळवून परत आणा. दार पहिल्या झटक्यात सापडतं का? शेवटी वैमानिकांचं मत घ्या, दिवसाचं वेगळं, रात्रीचं वेगळं.

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर

एलईडी टिकतो, त्याचा ड्रायव्हर आधी जातो. जळगाव-अकोल्याच्या मेच्या उन्हात बंद डब्यातले कपॅसिटर भाजून निघतात. प्रत्येक युनिटसाठी एक ड्रायव्हर कपाटात ठेवा आणि त्यावर आल्याची तारीख लिहा.

काच दर महिन्याला मऊ कापडाने आणि साध्या पाण्याने पुसा. गवत दिव्याच्या भिंगापर्यंत येऊ देऊ नका, श्रावणात ते आठवड्यात वीतभर वाढतं. फिटिंगच्या तळाशी पाणी निचरायचं बारीक छिद्र असतं. ते नक्की पाहा. एका साइटवर दिवा सतत ट्रिप होत होता, आम्ही कार्ड बदललं, सर्ज बदलला, काही उपयोग नाही. शेवटी अण्णांनी फिटिंग उलटी केली. कुंभारीण माशीने त्या छिद्रात मातीचं घर बांधलं होतं आणि आत तांब्याभर पाणी साचलं होतं. तेव्हापासून आमच्या यादीत काडीने छिद्र टोचून पाहणं हे काम आहे, आणि छिद्रावर बारीक जाळी आहे.

ऑक्टोबरमध्ये जमीन वाळायला लागली की दोन्ही दिव्यांचे दोन्ही कोन पुन्हा मोजा आणि बसवतानाच्या आकड्यांशेजारी लिहा. काळ्या मातीतल्या आमच्या एका दिव्याचं रजिस्टर माझ्यासमोर आहे: पहिल्या वर्षी वरचा कोन अर्ध्या अंशाने उतरला, दुसऱ्या वर्षी सव्वा अंशाने, तिसऱ्या वर्षी आम्ही पाया खोदून मुरूम भरला. त्यानंतरच्या तीन ओळींत आकडा हललेला नाही.